हंगेरीच्या द्राक्षमळ्यांतून चार दिवस



युरोपच्या मधोमध हंगेरी नावाचा देश आहे. क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहूनही कमी, लोकसंख्या एक कोटीच्या आत. समुद्रकिनारा नाही. सपाट काळ्या जमिनी, उत्तरेला टेकड्या आणि मधून वाहणाऱ्या दोन मोठ्या नद्या, डॅन्यूब आणि तिसा. बीटपासून साखर, द्राक्षापासून वाइन आणि फळांपासून 'पालिन्का' नावाची कडक दारू, असे या देशाचे तीन जुने धंदे. तिथल्या खेड्यापाड्यांतून वाइन आणि पालिन्का चाखत फिरण्याच्या छोट्या सहली निघतात. चार दिवसांत निम्मा देश बघून होतो.

आता साखर कारखान्याच्या पत्रिकेत दारूची सहल कशाला, असे काही मंडळी म्हणतील. दारूची तरफदारी करण्याचा इथे हेतू नाही. पण या सहलीच्या वाटेवर सेरेंच नावाचे गाव लागते. तिथे १८८९ साली उभा राहिलेला साखर कारखाना होता. एके काळी तो युरोपातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जाई. २००८ साली तो बंद पडला. तिथून दहा-बारा किलोमीटरवर माद नावाचे खेडे आहे. तिथली द्राक्षे चारशे वर्षांहून अधिक काळ गोड वाइनसाठी खुडली जातात आणि आजही खुडली जातात. दोघेही गोडीवर जगणारे, शिवाराला शिवार लागून. मग एक का बुडाले आणि एक का तरले? ऊस पिकवणाऱ्याने समजून घ्यावी अशीच ही गोष्ट आहे.

आधी थोडे शास्त्र

आपल्या डिस्टिलरीत जे घडते तेच तिथेही घडते. गोड रसात किण्व, म्हणजे यीस्ट, शिरले की ते साखर खाते आणि तिचा अल्कोहोल करते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का अल्कोहोल तयार होतो. अल्कोहोल पंधरा-सोळा टक्क्यांच्या आसपास गेला की किण्व स्वतःच मरते. म्हणून नुसती आंबवलेली वाइन साधारण बारा-चौदा टक्क्यांचीच असते. त्यापुढे जायचे तर ऊर्ध्वपातन करायचे, म्हणजे तापवून वाफ काढायची आणि ती थंड करून गोळा करायची. पालिन्का ही अशी ऊर्ध्वपातित दारू आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. साखर अति झाली की किण्वाचे काम मंदावते. म्हणून तर काकवी आणि मुरांबा टिकतो. डिस्टिलरीतही मळी तशीच आंबवत नाहीत, आधी तिच्यात पाणी घालून ती पातळ करून घेतात.

चाखणे म्हणजे पिणे नव्हे. पेला उजेडात धरून रंग बघायचा, वास घ्यायचा, घोटभर तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या पिकदाणीत थुंकायचा. मध्ये पाव आणि पाणी. आधी बिनगोड वाइन, मग गोड आणि कडक पालिन्का शेवटी. हंगेरीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोलचा अंशही चालत नाही. त्यामुळे अशा सहलीत चालक वेगळा ठेवतात आणि तो चाखण्यात सामील होत नाही.

पहिला दिवस : एगेरचा 'बैलाचे रक्त'

बुडापेस्ट या राजधानीहून ईशान्येला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर एगेर हे शहर आहे. इथला किल्ला प्रसिद्ध. १५५२ साली तुर्कांच्या मोठ्या फौजेने वेढा घातला. किल्लेदार इश्तवान दोबो याच्याजवळ दोन हजारांच्या आसपास माणसे, त्यांत गावच्या बायाही. महिनाभराहून अधिक काळ किल्ला लढला आणि तुर्क परत फिरले. लोककथा अशी की, किल्ल्यातली माणसे तांबडी वाइन पिऊन लढत. दाढ्यांवरून ओघळणारा लाल रंग बघून तुर्कांना वाटले, हे लोक बैलाचे रक्त पितात! म्हणून इथल्या लाल वाइनचे नाव 'बिकावेर', म्हणजे बैलाचे रक्त.

कथा मोठी झोकदार आहे. मात्र लाल द्राक्षांची लागवड या भागात नंतर, दक्षिणेकडून तुर्कांपुढे पळून आलेल्या सर्ब लोकांबरोबर रुजली, असे जाणकार सांगतात. गडकोटांच्या अशा गोष्टी आपल्याकडेही कमी नाहीत. खरी असो वा नसो, गोष्टीने माल खपतो.

मात्र गोष्टीच्या जोरावर किती दिवस खपणार? दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीत कम्युनिस्ट राजवट आली. बिकावेरचे उत्पादन सरकारी कारखान्यांत गेले आणि टँकरच्या हिशेबाने स्वस्त माल परदेशी जाऊ लागला. नाव सगळीकडे पोहोचले, पण 'स्वस्त वाइन' म्हणून. पुढे १९९० नंतर उत्पादकांनी नियम कडक केले. बिकावेर म्हणजे अनेक जातींच्या द्राक्षांचे मिश्रण, त्यात केकफ्रांकोश ही जात मुख्य, असे ठरले. गेलेली पत मिळवायला तिथल्या लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

गावाबाहेर 'सुंदर स्त्रीची दरी' नावाची जागा आहे. मऊ दगडात कोरलेली तळघरे ओळीने आहेत. शेतकरी आपापल्या तळघराच्या दारात बसून आपलीच वाइन पाजतो आणि विकतो. मध्ये व्यापारी नाही.

दुसरा दिवस : सेरेंचचा बंद भोंगा

एगेरहून पूर्वेकडे निघाले की दुपारपर्यंत सेरेंच येते. इथे चाखायला काही नाही, पण आपल्यासारख्यांनी थांबावेच. साखरेचे छोटे संग्रहालय आहे. उसाऐवजी बीट, एवढाच कच्च्या मालातला फरक. बीटात वजनाच्या साधारण १५ ते १८ टक्के साखर असते. गाळप सप्टेंबरात सुरू होऊन हिवाळ्यात संपते. बीट पिळत नाहीत. त्याच्या पातळ फोडी करून गरम पाण्यात साखर उतरवून घेतात. चोथा जनावरांना जातो. आपल्यासारखा बगॅस तिथे नाही, म्हणून बॉयलरसाठी इंधन विकत आणावे लागते.

हा कारखाना कसा बंद पडला? १९९० नंतर हंगेरीतले साखर कारखाने खासगी झाले आणि बहुतेक परदेशी कंपन्यांच्या हातात गेले. २००४ साली देश युरोपीय संघात आला. २००६ साली संघाने साखरेचे धोरण बदलले. साखरेचा संदर्भदर चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरवायचा आणि जो कारखाना आपला कोटा सोडून देईल त्याला भरपाई द्यायची, असे ते धोरण. कंपन्यांनी हिशेब मांडला. चालवण्यापेक्षा बंद करून भरपाई घेणे परवडते, असे निघाले. एकामागून एक भोंगे थांबले. कोणे एके काळी डझनभर कारखाने असलेल्या देशात कापोशवार इथला एकच कारखाना उरला.

बीट उत्पादकाच्या हातात काय होते? शेत त्याचे, बीट त्याचे, पण कारखाना त्याचा नव्हता. बंद करायचा की चालवायचा, या ठरावावर त्याची सही लागत नव्हती. साखर ही अशी चीज आहे की ती कुठल्या गावची, हे पोत्यावर वाचल्याशिवाय कळत नाही. सेरेंचची साखर आणि जर्मनीची साखर, चवीला एकच. मग जिथे स्वस्त तिथून घ्यायची, असे बाजार म्हणणारच.

तिसरा दिवस : माद आणि तोकाय

सेरेंच सोडले की टेकड्या सुरू होतात. विझलेल्या ज्वालामुखीची ही जमीन. पायथ्याशी बोद्रोग ही नदी तिसेला मिळते. शरदात पहाटे नदीवरून धुके चढते आणि दुपारी ऊन पडून ते विरते. या धुक्याने पिकलेल्या द्राक्षावर बोट्रायटिस नावाची बुरशी येते.

आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला द्राक्षावर बुरशी म्हटले की घाम फुटतो. इथले लोक तिची वाट बघतात! बुरशी सालीला बारीक छिद्रे पाडते, आतले पाणी उडून जाते, द्राक्ष बेदाण्यासारखे सुरकुतते आणि साखर, आंबटपणा, वास सगळे आटून घट्ट होते. मात्र दुपारचे ऊन हवे. सलग पाऊस लागला तर हीच बुरशी घड कुजवून टाकते. म्हणजे दरसाल जुगारच.

अशा सुकलेल्या द्राक्षाला 'असू' म्हणतात. ते घडाने तोडून चालत नाही. एकेक मणी बोटांनी वेचावा लागतो आणि एकाच वेलीकडे आठवड्या-आठवड्याने परत यावे लागते. दिवसभर राबून एका माणसाच्या हाती आठ-दहा किलो लागतात. आपली तोडणी टोळी दिवसाला किती टन पाडते ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे फरक कळेल.

हे मणी चेचून त्यांचा लगदा करतात, तो रसात किंवा नव्या वाइनमध्ये दिवसभर-दोन दिवस भिजवतात, मग दाबून गाळतात आणि ओकच्या पिंपात किमान १८ महिने मुरवतात. तळघरे दगडात खोल कोरलेली, बारा महिने गार आणि दमट. भिंतींवर काळ्या मखमलीसारखी बुरशी. तीही इथे झाडून काढत नाहीत, तळघराची हवा तिच्यामुळे चांगली राहते असे मानतात.

आता मापाची गंमत बघा. पाठीवर अडकवायच्या लाकडी बादलीला 'पुत्तोन्य' म्हणतात, तिच्यात सुमारे २५ किलो असू मावते. १३६ लिटरच्या एका पिंपात अशा किती बादल्या घातल्या, त्यावर वाइनची प्रत ठरे. तीन बादल्यांची, चार, पाच, सहा. बाटलीवर तो आकडा लिहीत आणि दर त्या आकड्याप्रमाणे. आता मोजणी प्रयोगशाळेत होते. असू म्हणून विकायची तर लिटरला किमान १२० ग्रॅम साखर लागते आणि तीन-चार बादल्यांच्या खालच्या प्रती नियमातून काढून टाकल्या आहेत.

याहून वरचा प्रकार म्हणजे 'एसेन्सिया'. असूचा ढीग न दाबता तसाच ठेवतात. स्वतःच्या वजनाने जो रस ठिबकतो, तो वेगळा धरतात. त्यात लिटरला ४५० ग्रॅमहून जास्त साखर असते. उसाच्या रसात लिटरमागे साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम धरा. म्हणजे ही जवळजवळ काकवीच! वर सांगितले तसे, इतक्या साखरेत किण्व रखडते. वर्षानुवर्षे आंबूनही अल्कोहोल तीन-चार टक्क्यांवर अडतो. पेल्याने नव्हे, चमच्याने चाखतात.

असू द्राक्षांचा उल्लेख १५७१ सालच्या कागदपत्रांत सापडतो. १७३७ साली राजाज्ञा निघाली आणि कोणत्या गावांची वाइन 'तोकाय' म्हणवून घेईल त्याची हद्द आखली गेली. जगातल्या अगदी पहिल्यांपैकी ही हद्दबंदी. २००२ साली युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारसा म्हणून नोंदवला.

मधल्या चाळीस वर्षांत काय झाले

एवढे नाव असूनही तोकाय एकदा बुडता बुडता वाचले आहे. तो भाग नीट वाचा.

१९५० साली आपल्याकडे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. त्याच सुमारास हंगेरीत शेतजमिनी सामूहिक शेतीत ओढल्या जात होत्या. १९६० च्या आसपास बहुतेक जमीन तशी गेली. नाव 'सहकारी', पण सभासद होणे खुषीचे नव्हते. तोकायची वाइन एका सरकारी कारखान्याकडे गेली. मोठे गिऱ्हाईक सोव्हिएत रशिया, त्याला माल हवा भरपूर आणि स्वस्त.

मग मळेवाल्याने काय करावे? दर वजनावर मिळतो, तर वजन वाढवावे. उंच चढणीवरचे मळे राबायला अवघड, ट्रॅक्टर चढत नाही, उत्पन्न कमी. ते ओसाड पडले. लागवड खाली सपाटीला आली, कारण तिथे घड मोठे आणि माल जास्त. पण चांगली गोडी चढणीवरच्या दगडाळ मातीतच भरत होती. तळघरात सगळ्यांचा माल एकत्र ओतला जाई. एकाने निवडून वेचले आणि दुसऱ्याने कसेही तोडले, पिंप एकच. चांगल्याला जास्त नाही, वाइटाला कमी नाही. मग निवडून वेचणारा किती वर्षे निवडत बसणार?

१९८५ पासून रशियाने दारूबंदीची मोहीम काढली, १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि ठरलेले गिऱ्हाईक गेले. तेव्हा कळले की, नाव जुने आहे पण बाटलीत त्या नावाचा माल नाही.

त्यानंतर बाहेरचे भांडवल आले, फ्रेंच आणि स्पॅनिश कंपन्याही आल्या. चढणीवरचे मळे पुन्हा लावले गेले, दर प्रतीवर ठरू लागला. ज्या साली बुरशी येत नाही त्या साली फुरमिंट जातीच्या द्राक्षाची बिनगोड वाइन करून जोखीम वाटून घेतली जाऊ लागली. आपण साखरेच्या जोडीला इथेनॉल करतो, त्यातलाच हा प्रकार. फ्रान्स आणि इटलीत 'तोकाय'शी मिळतीजुळती नावे चालत. हंगेरीने कराराने आणि कोर्टकचेरीने ती थांबवली, २००७ सालापासून ती वापरता येत नाहीत. सगळे गोडच झाले असे नाही. बऱ्याच मोठ्या मळ्यांची मालकी परक्यांची आहे. पण एक गोष्ट पक्की. तोकायचे पीक उचलून दुसऱ्या देशात नेता येत नाही. ते धुके, तो डोंगर आणि ते नाव तिथेच आहे.

चौथा दिवस : केच्केमेतची पालिन्का

परतीला दक्षिणेकडे, बुडापेस्टच्या आग्नेयेस पाऊणशे-शंभर किलोमीटरवर केच्केमेत लागते. वाळूसर सपाट जमीन, जर्दाळूच्या बागा. इथल्या जर्दाळूची पालिन्का नावाजलेली. आलुबुखार, नासपती, आंबट चेरी यांचीही करतात. वाइन गाळून उरलेल्या द्राक्षाच्या चोथ्याचीही होते. काही वाया घालवायचे नाही, हा शेतकऱ्याचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

तिथे भाड्याने गाळून देणाऱ्या भट्ट्या आहेत. शेतकरी फळ घरी पिंपात आंबवतो, तो लगदा भट्टीवर नेतो, मजुरी देतो आणि आपली पालिन्का घेऊन येतो. आपण दळण गिरणीवर नेतो तसे. तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळतात. सुरुवातीला जे उतरते ते उग्र वासाचे आणि अपायकारक, ते टाकतात. मधला भाग ठेवतात. शेवटचा पुन्हा वेगळा काढतात. कुठे तोडायचे हे नाकाने आणि अनुभवाने ठरते. हे काम चोरून, अडाण्याच्या हाती गेले तर काय होते, ते २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक बळी गेले तेव्हा आपण पाहिले आहे. त्या दारूत विषारी मिथेनॉल होते.

पालिन्काचे नियम सरळ आहेत. हंगेरीत पिकलेले फळ, निव्वळ फळाचीच साखर, वरून साखर किंवा दुसरे अल्कोहोल घालायचे नाही, अल्कोहोल किमान साडेसदतीस टक्के. २००४ पासून युरोपात हे नाव हंगेरीसाठी राखीव आहे, फक्त जर्दाळूच्या दारूपुरती ऑस्ट्रियाच्या चार प्रांतांना मुभा आहे. २००८ साली यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. आधी कारखानी अल्कोहोलात सुवास मिसळून 'पालिन्का' विकणारे बरेच होते. त्यांना हे नाव सोडावे लागले. मळीपासून केलेल्या अल्कोहोलाच्या आपल्याकडच्या 'व्हिस्की'ला युरोपात व्हिस्की म्हणता येत नाही, तेही याच धर्तीच्या नियमामुळे.

आपण काय घ्यावे

पेल्यातले सोडा, हिशेबातले घ्या. जे मोजले जाते तेच पिकते. तोकायला बादल्या मोजल्या तेव्हा एकेक मणी वेचला गेला. वजन मोजले तेव्हा डोंगर ओस पडला. आपल्याकडे उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो आणि प्रत्येकाचा ऊस काट्यावर टनातच मोजला जातो. पक्व, स्वच्छ, वाढे-पाचट काढलेला ऊस तोडून वेळेत आणणारा आणि कोवळा किंवा शिळा ऊस आणणारा, दोघांना दर एकच. सरासरी खाली आली की फटका सर्वांना. तोकायच्या एकत्र पिंपाची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. प्लॉटनिहाय पक्वता पाहून तोडणीचा क्रम लावणे आणि तो क्रम ओळखीपाळखीने न मोडणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

नावाचेही तसेच. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावला तर त्याने दर मिळत नाही. रवा त्या नावाचा आणि आत भेसळ साखरेची, असे झाले तर बिकावेरचे झाले तेच होईल.

आणि शेवटचे, सेरेंचचे. तिथला कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला त्या खोलीत बीट उत्पादकाला खुर्ची नव्हती. आपल्याला आहे. वार्षिक सभेची नोटीस घरी येते, तिच्यासोबत अहवाल आणि ताळेबंद असतो. तो वाचून सभेला या, उताऱ्याबद्दल विचारा, मळीच्या आणि डिस्टिलरीच्या हिशेबाबद्दल विचारा. भागधारकाने विचारलेला प्रश्न ही कारखान्याची अडचण नव्हे, राखण आहे.